वेगळ्या घाटाची गिटार: घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या कामाच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी तीनच घराण्यांतल्या असतात: टेलीकास्टर, लेस पॉल आणि स्ट्रॅटोकास्टर, किंवा त्यांच्या लेकी-नाती. ही तिन्ही घराणी १९५४ पर्यंत बाजारात आली होती. त्यामुळे कुणी बिनडोक्याची (हा शब्द आम्ही प्रेमानेच वापरतो), तिरक्या फ्रेटची (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा आत सर्किटांचा कारखाना असलेली गिटार घेऊन आलं, की दुकानातले बाकीचे ग्राहक आपली कामं सोडून भोवती जमतात. एक म्हणतो, "भन्नाट!" दुसरा नाक मुरडतो, "हे काय खेळणं?" गंमत अशी की दोघांनीही ती अजून हातात घेतलेली नसते.

"अशी गिटार घेऊ का?" हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, म्हणून हे पत्रक. आमचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: तिचं वेगळेपण लाकडात आहे की सर्किटात? दोन्हींचं म्हातारपण अगदी वेगळं असतं.

लाकडातलं वेगळेपण

गिब्सनने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर आणल्या, तेव्हा त्या फारशा कुणी घेतल्या नाहीत. पहिल्या दोन वर्षांत फ्लाइंग व्ही जेमतेम शंभराच्या आसपास गेल्या आणि उत्पादन थांबलं. अल्बर्ट किंगसारख्या मोजक्या वादकांनी मात्र ती उचलली, आणि १९६७ मध्ये कंपनीला ती पुन्हा काढावी लागली. लेस पॉलचीही तीच गत. आज जिला 'खरी गिटार' म्हणतात, तिचा घाट खप घसरल्यावर १९६१ मध्ये बदलून टाकला होता आणि जुना घाट परतला तो १९६८ मध्ये. तेव्हा "दिसायला विचित्र आहे" या एका कारणासाठी आम्ही कुणालाही परावृत्त करत नाही.

डोळे सरावतात, पण मांडी सरावेलच असं नाही. फ्लाइंग व्ही नेहमीसारखी उजव्या मांडीवर ठेवली की घसरते. तिच्या दोन पाखांच्या बेचक्यात मांडी घालून, मान वर उचलून बसावं लागतं. काहींना ही बैठक इतकी मानवते की ते म्हणतात, आता वरचे स्वर सोपे झाले. काहींची पाठ मात्र अर्ध्या तासात बोलू लागते. म्हणून दुकानात आधी बसून वाजवा, मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. मान जमिनीकडे झुकली, तर वाजवताना तो भार सतत तुमच्या डाव्या हातावर येणार.

नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास बिनडोक्याचा बेस आणला तेव्हा हेच दुखणं काढून टाकलं. खुंट्या डोक्यावरून ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडे गेल्या, मान हलकी झाली. पण घरी गेल्यावर काय होतं ते ऐका. भिंतीवरच्या हुकाला ती अडकत नाही, कारण अडकायला डोकंच नाही. क्लिपचा ट्युनर लावायला जागा नाही. आणि काही मॉडेलना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, ज्या ऐनवेळी कुणाकडे मिळत नाहीत. वरच्या टोकाला स्क्रूने तार आवळणारी पट्टी असेल तर साध्या तारा चालतात. घेण्याआधी एवढं नक्की बघा.

तिरक्या फ्रेटला लोक विनाकारण घाबरतात. कल्पना जुनी आहे, सोळाव्या शतकातल्या ऑर्फेरियन या वाद्यातही ती दिसते. आजच्या गिटारीसाठी राल्फ नोवाक यांना तिचं पेटंट १९८९ मध्ये मिळालं. जाड तारा लांब, बारीक तारा आखूड, म्हणजे खाली उतरवलेली जाड तारही सैल पडून लोळत नाही. खरी अडचण येते ती पहिल्या फ्रेटवरच्या बार कॉर्डला (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबतात तो), तिथे बोट तिरकं धरावं लागतं. तेवढा एक कॉर्ड धरून बघा. तो जमला तर बाकीचं जमतं.

सर्किटातलं वेगळेपण

इथे उलटा प्रकार आहे. सुरुवातीला सगळे हरखतात आणि दहा वर्षांनी गिटार आमच्याकडे येते. व्हॉक्सने १९६६ च्या सुमारास गिटारीच्या पोटात चक्क ऑर्गनचं सर्किट घातलं होतं. तार फ्रेटला टेकली की स्वर वाजायचा. आज ती संग्रहात दिसते, स्टेजवर क्वचितच.

गिब्सनच्या स्वतःहून सूर लावणाऱ्या मोटारीच्या खुंट्यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. २००७ ची रोबोट गिटार ज्याला हवी त्याने घ्यावी अशी होती, तेव्हा फारसा कुणाचा जीव जळला नाही. २०१५ मध्ये तशा खुंट्या बहुतेक मॉडेलवर सरसकट आल्या, जोडीला रुंद मान आणि पितळी नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), आणि वादक भडकले. पुढच्या वर्षी कंपनीने पारंपरिक आणि आधुनिक अशा दोन वेगळ्या शाखा केल्या. आमच्या मते राग मोटारीवर नव्हताच. न विचारता ताटात वाढल्याचा तो राग होता.

लाइन सिक्सची व्हॅरियाक्स (२००२) आम्हाला मनापासून आवडते. प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिएझो (तारेची कंपनं टिपणारा सेन्सर), आणि सर्किट त्यातून दुसऱ्या गिटारींचे आवाज घडवतं. बटण फिरवलं की सूरही बदलतात. पण रात्री हळू आवाजात वाजवून बघा: ॲम्पमधून एक सूर येतो आणि समोरच्या तारेचा खरा सूर कानावर दुसराच पडतो. डोकं भणभणतं. हा दोष नाही, हेडफोन लावला की प्रश्न मिटतो. महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. सुरुवातीच्या व्हॅरियाक्समध्ये तारेचा आवाज टिपणारे नेहमीचे चुंबकीय पिकअपच नव्हते, त्यामुळे बॅटरी गेली की गिटार मुकी. नंतरच्या जेम्स टायलर मॉडेलमध्ये ते आले, आणि बॅटरीशिवायही ती साधी गिटार म्हणून वाजते.

सर्किटवाल्या कुठल्याही गिटारीला आम्ही हाच एक प्रश्न लावतो: बॅटरी काढल्यावर वाजते का? वाजत असेल तर निर्धास्त घ्या. नसेल, तर सुटे भाग मिळतील तेवढंच तिचं आयुष्य, हे समजून घ्या.

गिटारीवरून सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं यंत्र) वाजवणाऱ्यांची तक्रार असते की जाड तार मागे रेंगाळते. खालच्या ई तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ८२, म्हणजे एकाच कंपनाला १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायला यंत्राला निदान एखादं पूर्ण कंपन तरी ऐकावं लागतं. बारीक ई तार चौपट वेगाने कंपते, म्हणून ती चटकन पकडली जाते. सेटिंगने यात थोडा फरक पडतो, पण उशीर पूर्ण नाहीसा होत नाही.

तसंच सूर आपोआप टिकवून धरणाऱ्या एव्हरट्यून ब्रिजचं. त्यात बॅटरी नाही, प्रत्येक तारेमागे स्प्रिंग आहे. "तार ओढली तरी सूर चढत नाही, ब्रिज बिघडला," असं म्हणून लोक गिटार घेऊन येतात. बिघडलेलं काहीच नसतं. स्प्रिंग तुमची ओढ गिळून टाकते, एवढंच. खुंटी थोडी आवळून, स्प्रिंग ओढ गिळते त्या टप्प्याच्या कडेला तार आणली की बेंड (तार ओढून सूर चढवणं) परत येतो. घरी करता येईल असं काम आहे.

मध्यंतरी अंगातच इफेक्ट असलेली एक गिटार आली. मालकाने ती वर्षभर मेली समजून कपाटात ठेवली होती. मागचं झाकण उघडलं तर नऊ व्होल्टची बॅटरी पाझरलेली, क्लिपच्या दोन्ही बटणांवर हिरवा थर, आणि लाल वायर हात लावताच तुटून हातात आली. नवी क्लिप, दोन टाके सोल्डर, आणि गिटार बोलू लागली. तुम्हीही दोन गोष्टी पाळा. वाजवून झाल्यावर केबल जॅकमधून काढा, कारण ॲक्टिव्ह गिटारींत बहुधा केबल घातली की सर्किट चालू होतं आणि रात्रभर बॅटरी खात बसतं. आणि महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरीच काढून ठेवा.

अशी गिटार दुरुस्तीला आणताना सोबत चार्जर, तिच्याबरोबर मिळालेल्या ॲलन की, माहितीपुस्तिका आणि असेल तर व्हॅमी बार (सूर हलवायचा ब्रिजवरचा दांडा) आणा. नुसती गिटार आणली तर पहिला दिवस योग्य मापाची चावी शोधण्यातच जातो. आवाजाची तक्रार असेल तर तुमची नेहमीची केबलही आणा. पुष्कळदा दोषी तीच निघते.