ब्लॅकलेटर: काटकसरीतून आलेली भारदस्त अक्षरं

प्रमाणपत्र, बाटलीवरचं लेबल, लाकडी पाटी, टी-शर्ट... ‘जुनं’ किंवा ‘राजेशाही’ काही दाखवायचं झालं की रोमन लिपीतली ती काळीकुट्ट, कोनाकोनांची अक्षरं हमखास निघतात. फॉन्टच्या यादीत ती बहुधा ‘ओल्ड इंग्लिश’ या नावाखाली सापडतात. जाणकार या शैलीला ‘ब्लॅकलेटर’ म्हणतात. ‘ओल्ड इंग्लिश’ हे नाव फसवं आहे. प्राचीन इंग्रजी भाषेशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्यांचा जन्मही इंग्लंडातला नाही.

सुरुवात तशी साधी होती. इसवी सन 800 च्या सुमारास, शार्लमेन राजाच्या काळात, युरोपात एक गोल, मोकळं, वाचायला सोपं वळण रूढ झालं होतं. बाराव्या शतकाकडे येईतो विद्यापीठं उभी राहू लागली आणि पुस्तकांची मागणी वाढली. चर्मपत्र मात्र महागच होतं, एका जनावराच्या कातड्यातून मोजकीच पानं निघत. मग उत्तर फ्रान्सच्या आसपासच्या लेखनिकांनी अक्षरं अरुंद केली, एकमेकांना खेटून बसवली आणि गोलाई मोडून तिचे सरळ तुकडे पाडले. ज्याने बोरूने अक्षरं गिरवली असतील त्याला हे चटकन समजेल. चपट्या टोकाची लेखणी एकाच कोनात धरली की उभी रेघ जाड येते, तिरपी बारीक येते, आणि गोलाई सांभाळण्यापेक्षा छोटे सरळ फटकारे जोडणं सोपं जातं. या वळणाच्या एका शैलीचं नावच ‘टेक्स्टुरा’, म्हणजे विणकाम. अशा पानाकडे लांबून पाहिलं तर ते खरोखर काळ्या धाग्यांनी विणलेल्या कापडासारखं दिसतं.

या विणकामाची किंमत वाचणाऱ्याने मोजली. ‘मिनिमम’ हा लॅटिन शब्द रोमन लिपीत लिहिला तर त्यात एकसारख्या पंधरा उभ्या रेघा ओळीने येतात. कुठली रेघ कुठल्या अक्षराची, हे शोधत बसा. ‘आय’ अक्षरावर आज आपण जो ठिपका देतो, त्याचा उगम याच गोंधळात आहे. बाकीच्या रेघांतून ते अक्षर वेगळं ओळखू यावं म्हणून लेखनिक त्याच्या डोक्यावर एक बारीक फटकारा ओढत.

इटलीतल्या मानवतावादी विद्वानांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. चौदाव्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीने त्याबद्दल कुरकुर केली, आणि पुढे ‘गॉथिक’ हे विशेषण जवळजवळ शिवीसारखं चिकटलं, म्हणजे रानटी गॉथ टोळ्यांचं. या मंडळींनी ‘प्राचीन रोमन’ म्हणून जे वळण उचलून धरलं ते मुळात शार्लमेनच्याच काळातलं होतं. थोडक्यात, आज आपण वाचतो ती गोल रोमन अक्षरं आणि ही टोकदार अक्षरं एकाच घरची भावंडं आहेत.

1455 च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झमध्ये मुद्रक गुटेनबर्गने बायबल छापलं ते टेक्स्टुरातच. हस्तलिखित पोथी जशी दिसते तसंच छापील पान दिसावं, हा त्याचा हट्ट होता. त्यासाठी त्याने तीनशेच्या घरात वेगवेगळे खिळे (छपाईचे धातूचे ठसे) पाडले: एकाच अक्षराची रुंद-अरुंद रूपं, जोडाक्षरं, संक्षेपाच्या खुणा. उजवी कड सरळ रेषेत यावी म्हणून हा सगळा खटाटोप.

पुढे वाटा फुटल्या. इटली आणि स्पेनमध्ये रोटुंडा हे थोडं गोल वळण चाललं. जर्मनीत श्वाबाखर आलं. धर्मसुधारक मार्टिन लुथरचा जर्मन ‘नवा करार’ 1522 मध्ये त्याच अक्षरांत निघाला. 1513 मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनसाठी छापलेल्या प्रार्थनापुस्तकातून फ्राक्टूरची परंपरा सुरू झाली. फ्राक्टूर म्हणजे ‘मोडलेलं’. इंग्लंडात 1611 चं किंग जेम्स बायबल ब्लॅकलेटरमध्ये छापलं गेलं. त्यानंतर तिथे ही अक्षरं हळूहळू कायद्याच्या कागदांपुरती आणि मथळ्यांपुरती उरली. न्यूयॉर्क टाइम्सचं शीर्षक आजही त्याच थाटात आहे.

जर्मनी मात्र फ्राक्टूरला धरून राहिला, आणि या अक्षरांची सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट तिथेच घडली. फ्राक्टूर ही ‘आपली’ लिपी, रोमन ही परक्यांची, हा वाद 1911 मध्ये थेट संसदेपर्यंत गेला आणि फ्राक्टूर टिकलं. नाझींनी आधी त्याचा उदो उदो केला. त्यांच्या काळात टेक्स्टुराच्या सांगाड्यावर बेतलेले ठोकळेबाज नवे टाइप निघाले. जाणकार त्यांना कुत्सितपणे लष्करी बुटांची उपमा देत. मग 3 जानेवारी 1941 रोजी नाझी नेता मार्टिन बोरमानच्या सहीचं परिपत्रक आलं. तथाकथित गॉथिक अक्षरं ही मुळात ‘श्वाबाखर-ज्यू अक्षरं’ आहेत, यापुढे वापरू नयेत, असा त्याचा आशय. या दाव्याला इतिहासाचा काडीइतकाही आधार नव्हता. जिंकलेल्या प्रदेशांतल्या लोकांना फ्राक्टूर वाचता येत नव्हतं, हे त्यामागचं व्यवहारी कारण मानलं जातं. गंमत म्हणजे त्या परिपत्रकाच्या कागदावर पक्षाचं नाव ब्लॅकलेटरमध्येच छापलेलं होतं! त्यामुळे ‘टोकदार अक्षर म्हणजे नाझी’ हे समीकरण मला अर्धवट वाटतं. ठोकळेबाज बुटांच्या टाइपांना ते लागू होतं. सरसकट फ्राक्टूरला नाही.

हस्तकलेच्या अंगाने पाहिलं तर माझ्या आवडीची पानं अमेरिकेतली आहेत. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात जन्माचे, बाप्तिस्म्याचे दाखले हाताने लिहून रंगवले जात. मध्ये टोकदार अक्षरं, भोवती ट्यूलिपची फुलं, पक्षी, हृदयाचे आकार. लिहिणारे बहुधा शाळामास्तर किंवा पाद्री असत. त्या अक्षरांवरून या सगळ्या चित्रकलेलाच ‘फ्राक्टूर’ म्हणू लागले. इथे भारदस्तपणा औषधालाही नाही.

विसाव्या शतकात लॉस एंजेलिसच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, वस्त्यांतल्या भिंती आणि गोंदणं, मग हेवी मेटल बँडची नावं, मग हिप-हॉपचे कपडे असा या अक्षरांचा प्रवास झाला आणि तिथूनच ती आजच्या डिझाइनमध्ये आली.

या प्रवासात एक खोड मात्र लागली: सगळा शब्द कॅपिटलमध्ये लिहायचा. ब्लॅकलेटरची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटी मिरवण्यासाठी घडवलेली, वेलबुट्टीने भरलेली. ती ओळीने मांडली की एकमेकांच्या अंगावर पडतात, कुणालाच धड वाचता येत नाहीत. फ्राक्टूरमध्ये तर ‘ए’ हे कॅपिटल अक्षर सवय नसलेल्याला ‘यू’ वाटतं. गोंदणात ते खपतं, कारण अर्थ ज्याचा त्याला ठाऊक असतो. दुकानाच्या पाटीवर पंचाईत होते. दुसरी अडचण यंत्राची. टोकांवरच्या केसासारख्या बारीक रेघा लेखणीच्या कोपऱ्यातून शाईने सहज उतरत. विनाइलची चिकट शीट कापून जादा भाग सोलताना मात्र त्याच रेघा आधी फाटतात, आणि स्टेन्सिलमध्ये अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडतो. म्हणून कापायच्या कामाला टेक्स्टुराची नाजूक रूपं टाळून एकोणिसाव्या शतकात जाहिरातींसाठी निघालेला फेटे फ्राक्टूरसारखा जाडजूड टाइप मोठ्या आकारात घेतलेला बरा.