मे महिना पोचतो सप्टेंबरात

परवा सांगलीजवळच्या हरिपूरच्या वाटेवर एका ट्रॉलीतून बांधकामाचा राडारोडा खाली होत होता. दुसरी ट्रॉली आली, तरी खड्डा भरेना. डोकावलो, तर हळदीचं जुनं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार! तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं सुटलेलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "काय करायचं ठेवून? भरून टाकलं की प्लॉट तरी होईल."

२००५ च्या महापुरात इथल्या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, कितीतरी पेवं ढासळली. 'पेव फुटणे' एवढंच आता भाषेत उरलंय, तेही चहाच्या फ्रँचायझींसाठी.

माझ्या मते हे खड्डे म्हणजे सांगलीकडे फुकट पडून असलेली गारव्याची यंत्रणा आहे. आता जरा गणित, सांभाळून घ्या.

जमिनीवरची ऊन-थंडी मातीत लाटेसारखी उतरते आणि उतरता उतरता विरते. ओलसर मातीत दिवस-रात्रीची लाट साधारण दर १२ सेंटीमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते. अर्ध्या मीटरवर दुपार आणि पहाट यांत फरकच राहत नाही. उन्हाळा-हिवाळ्याची लाट मात्र ३६५ पट लांब काळाची. खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणून १२ सेंटीमीटर गुणिले १९, म्हणजे सव्वादोन मीटर. १५ फुटांवर, म्हणजे पेवाच्या तळाशी, तिचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतो. शिवाय ती उशिरा पोचते, जवळजवळ चार महिन्यांनी. वर मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, त्या उन्हाची ऊब पेवाच्या तळाला गणपती-नवरात्रात लागते! तळाचं तापमान बारा महिने वार्षिक सरासरीच्या, म्हणजे २६ अंशांच्या आसपास.

मग करायचं काय? अशा पेवाच्या भिंतीलगत पाइपचं वेटोळं बसवून पंख्याने हवा खेळवायची आणि ती बसथांब्यावर किंवा भाजी मंडईच्या शेडमध्ये सोडायची. पाइप पुरेसा लांब असेल, तर ३८ अंशांची हवा तिशीच्या आसपास येऊ शकते. दिवसभरात भोवतालची माती तापते, म्हणून रात्री गार हवा फिरवून तिला विसावा द्यावा लागतो. आणि हे सगळं पूररेषेबाहेरच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

'पूर्वजांचा शून्य विजेचा एसी' असले फॉरवर्ड मात्र नकोत. पेव हळदीसाठी होतं, माणसांसाठी नव्हे. बंद पेवात किडे आणि बुरशी ऑक्सिजन संपवतात आणि शेवटी किडेही मरतात, म्हणून माल टिकायचा. त्याच हवेत उतरलेला गडी कोसळला की 'जखिणीने धरलं' म्हणायचे. जखीण कसली, श्वास घ्यायला ऑक्सिजनच नसायचा. जाणते लोक आधी कंदील सोडून बघत.

राहिला प्रश्न भरण्याचा. वेटोळं बसवल्यावर पेव मातीने दाबून भरलं तर ढासळण्याची भीती जाते, शिवाय पाइपातली उष्णता मातीत सहज जाते. राडारोड्यात विटांच्या तुकड्यांमध्ये हवा अडकते आणि उष्णता तिथेच अडखळते. हे त्या मालकांना सांगितलं, तेव्हा तिसरी ट्रॉली रिकामी होत होती.