क्लाइव्ह सलिव्हन: कार्डिफचा विंगर हलचा कसा झाला

1972 साली क्लाइव्ह सलिव्हन ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग (रग्बीचा 13 खेळाडूंचा प्रकार) संघाचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कुठल्याही मोठ्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. इंग्लंडच्या फुटबॉल संघाला पॉल इन्सच्या रूपाने असा कर्णधार मिळायला 1993 उजाडलं. लीगला हे इतकं आधी जमलं, त्याची मुळं थेट 1895 पर्यंत जातात.

त्या वर्षी 29 ऑगस्टला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी युनियनशी (मूळ रग्बीच्या संघटनेशी) फारकत घेतली आणि त्यातून लीग उभी राहिली. भांडण मजुरीचं होतं. खाण-गिरणी कामगार सामन्याला गेला की खाडा पडायचा, आणि बुडालेला रोज भरून देणं युनियनच्या हौशीपणात बसत नव्हतं. 1906 मध्ये लीगने 15 गड्यांचे 13 केले. पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू टाचेने मागे सरकवू लागला. मैदान मोकळं झालं आणि मैदानाच्या कडेने धावणाऱ्या वेगवान विंगरला भाव आला.

युनियनने याचा सूड असा उगवला, की लीगमध्ये गेलेल्याला परतीचं दार कायमचं बंद. नुसती चाचणी दिली तरी बंदीची भीती, म्हणून नवखे खोट्या नावाने उतरत. 1961 मध्ये लष्करात असलेला 18 वर्षांचा सलिव्हन ब्रॅमली क्लबविरुद्ध, इंग्लंडमधल्या हल शहराच्या हल एफसी क्लबाकडून ‘मिस्टर एक्स’ म्हणून खेळला, त्याने तीन ट्राय केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले) आणि लगेच करारबद्ध झाला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया होऊन ‘हा धड चालेल की नाही’ अशी शंका घेतलेला हा मुलगा! वेल्समधल्या कार्डिफचाच कृष्णवर्णीय विंगर बिली बॉस्टन त्याआधी विगन या लीग क्लबात गेला होता. हा निव्वळ योगायोग नव्हे: वेल्सच्या युनियन संघात 1980 च्या दशकापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

1972 च्या विश्वचषकात सलिव्हनने चारही सामन्यांत ट्राय केला. फ्रान्समधल्या लियोंच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो आपल्या भागातून सुटला तो थेट ट्रायरेषेपलीकडेच थांबला. ट्रायला तेव्हा तीनच गुण. शेवटी शेवटी माइक स्टीफन्सनचा ट्राय आणि टेरी क्लॉसनची त्यानंतरची गुण देणारी किक यांनी 10-10 अशी बरोबरी झाली, जादा वेळही कोरा गेला. साखळीत गुण जास्त म्हणून चषक ब्रिटनला. नियम रुक्ष खरा, पण साखळीत ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला हरवलंच होतं. त्यानंतर ब्रिटन किंवा इंग्लंड कुणालाच विश्वचषक पुन्हा जिंकता आलेला नाही.

हल शहरात मात्र सलिव्हनचं मोठेपण वेगळ्याच कारणाने मोजतात. पश्चिमेचा हल एफसी आणि पूर्वेचा हल केआर यांचं हाडवैर. पहिल्यासाठी त्याने 250 ट्राय केले, जो अजून क्लबचा विक्रम आहे. 1974 मध्ये तो दुसरीकडे गेला आणि तिथे 118 केले. 1980 च्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केआरने एफसीलाच 10-5 हरवलं, त्यात तो होता. 1982 मध्ये, 39 व्या वर्षी, तो एफसीकडून त्याच कपच्या अंतिम फेरीचा पुनर्सामना खेळला आणि जिंकला.

1985 मध्ये कर्करोगाने तो गेला, वय 42. शहरात शिरणाऱ्या ए63 महामार्गाच्या एका भागाला त्याचं नाव दिलं, त्याला दोन्ही बाजूंपैकी कुणीच हरकत घेतली नाही.