बालकांच्या मेंदूविकास सेवांमधील इलेक्ट्रॉनिक माहिती संकलन

स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता किंवा विकासातील विलंब यांची शक्यता असलेल्या मुलांविषयीची माहिती कागदाऐवजी थेट टॅब, मोबाइल किंवा संगणकावर नोंदवण्याची पद्धत. पालकांची उत्तरे, चाचण्यांचे गुण आणि उपचारांतील प्रगती यांचा तीत समावेश होतो. अशा मुलाला अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ असे बरेच जण तपासतात. प्रत्येकाची फाईल वेगळी राहिली, तर तीच हकिकत पालकांना दरवेळी नव्याने सांगावी लागते.

कागदावर नेमके काय निसटते, हे एम-चॅट-आर/एफ या प्रश्नावलीतून चांगले कळते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता पडताळण्यासाठी पालकांना हो-नाही स्वरूपाचे २० प्रश्न विचारले जातात. बहुतेक प्रश्नांत ‘नाही’ हे उत्तर धोक्याचे असते. २, ५ आणि १२ या प्रश्नांत मात्र ‘हो’. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हातांनी बेरीज करताना इथेच चूक होते. गुण ३ ते ७ आले, तर धोक्याचे उत्तर आलेल्या प्रश्नांवर सविस्तर उपप्रश्न विचारायचे असतात आणि वेळेअभावी हाच टप्पा गाळला जातो. टॅबवर बेरीज आपोआप होते, उपप्रश्न लगेच समोर येतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बदलानंतर निकालांची अचूक नोंद ५४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेली. धोका दिसलेल्या मुलांबाबत योग्य पुढील कार्यवाहीचे प्रमाण २५ वरून ८५ टक्के झाले. यांतला दुसरा आकडा अधिक मोलाचा आहे, कारण मुलाला उपयोग होतो तो पुढच्या कार्यवाहीचाच.

गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी मुलांचा बौद्धिक विकास जोखणारे ‘डीप’ हे टॅबवरील खेळांचे साधन तयार करून हरियाणाच्या ग्रामीण भागात तपासले. मूल खेळत असताना त्याचे स्पर्श, लागलेला वेळ आणि अचूकता यांची नोंद होते. ही चाचणी घेण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. जिथे बालमानसशास्त्रज्ञ पोहोचतच नाही, तिथे ही फार मोठी सोय आहे.

भारतात विकासातील विलंबाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांना तपासतात व गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पाठवलेले मूल केंद्रात पोहोचले का, हे दोन्हीकडची नोंद जोडलेली असेल तरच समजते.

यंत्राने दिलेला गुण म्हणजे निदान नव्हे. ते प्रत्यक्ष तपासणीनंतर तज्ज्ञच करतो. पडद्याची सवय नसलेले मूल खेळात मागे पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे.