अनाथ ठरवायची घाई नको

भूकंपानंतरच्या छावणीत चार-पाच वर्षांचं मूल ठोकळ्यांचं घर रचतं, धाडकन पाडतं, पुन्हा रचतं. दहादा, वीसदा. बघणाऱ्याचा जीव गलबलतो आणि कुणीतरी ठोकळे उचलून ठेवतं. ठेवू नयेत. जे सांगायला शब्द नाहीत, ते मूल हातांनी सांगत असतं. काही दिवसांनी त्याच खेळात रुग्णवाहिका आली, ढिगाऱ्यातून कुणी सुटलं, तर मूल सावरू लागलंय असं समजावं. आठवडेच्या आठवडे खेळ जसाच्या तसा आणि चेहरा कोरा राहिला, तर मात्र तज्ज्ञाला दाखवायला हवं.

संकटात मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते. धोका टळला की मोठ्या माणसाचं शरीर बऱ्यापैकी आपलं आपण शांत होतं. लहान मुलाला ते एकट्याला साधत नाही, त्याला ओळखीची कूस लागते. आईवडील गेले की माणसं तर जातातच, पण भीतीला लागणारा ब्रेकही जातो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. बाँबहल्ल्यांपेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त खचवते, असं त्यांना दिसलं. संस्थेत वाढण्याची किंमत पुढे रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये मोजली गेली. तिथल्या अनाथालयांतल्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं पालक-कुटुंबांत ठेवलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी अधिक वाढली, आणि वयाची साधारण दोन वर्षं पूर्ण होण्याआधी गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. म्हणून आपत्तीनंतर देणग्या गोळा करून मोठं अनाथालय बांधायची जी लाट येते, तिची मला धास्ती वाटते. हेतू चांगला असतो, पण पाळीपाळीने बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांत मुलाने जीव लावायचा कुणाला?

शिवाय एकटं सापडलेलं मूल अनाथ असतंच असं नाही. जानेवारी 2010च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलांना सीमेपार नेताना परदेशी मदतकर्त्यांचा एक गट पकडला गेला. त्यातल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात होते! 2004च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातली मुलं बाहेर न्यायला बंदी घातली, ती याच भीतीपोटी. आधी नोंद, फोटो आणि नातेवाइकांचा शोध. तोवर भावंडं एकत्र, आणि शक्यतो ओळखीच्याच माणसांत.

मुलाला खरं सांगावं लागतं. ‘आई झोपली आहे’ म्हटलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. ‘आई मेली, ती परत येणार नाही, तुझी त्यात काही चूक नव्हती’ ही वाक्यं जड जातात, तरी ती म्हणावीत. शेवटचं तर आवर्जून, कारण या वयात ‘मी हट्ट केला म्हणून झालं’ असंच मुलांना वाटत असतं. सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली, मूल पुन्हा बोबडं बोलू लागलं, तर रागावू नये. जेवणाची वेळ, शाळा, रात्रीची तीच गोष्ट अशी घडी बसत गेली की हे बहुधा ओसरतं.

बरीचशी मुलं औपचारिक उपचारांशिवायच सावरतात. ‘काय काय झालं ते सगळं सांग’ असं लगेच खोदून विचारण्यापेक्षा सुरक्षा, अन्न, झोप आणि ऐकायला तयार माणूस ही मानसिक प्रथमोपचारांची दिशा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011च्या मार्गदर्शिकेतही आहे. महिनोन्‌महिने दुःस्वप्नं पडत राहिली, मूल कुणाच्या जवळच जाईना, तर आघातावर बेतलेली वर्तनोपचार पद्धत उपयोगी पडते.

चौथ्या वर्षी जे सांगितलं, ते मूल दहाव्या वर्षी पुन्हा विचारतं, आता तपशिलात: पाणी किती वर आलं होतं, आईने मला कुणाच्या हातात दिलं? त्याचं उत्तर देऊ शकेल असं माणूस तोवर त्याच्या आयुष्यात टिकलेलं असावं लागतं.