गाठीच्या पोटातला विस्तव

कापसाचा हंगाम भरात आला की धरणगाव, बोदवड, चोपडा, शहादा, दोंडाईचा या पट्ट्यात कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या आगीची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बातमीचा शेवट बहुधा ठरलेला असतो: पालिकेच्या बंबांनी अथक प्रयत्न करून आग आटोक्यात आणली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कधीकधी आतल्या पानावर चार ओळी येतात, की त्याच आवारात, त्याच ठिकाणी रुईने, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाने, पुन्हा पेट घेतला. पहिल्या बातमीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मला मात्र या दुसऱ्या चार ओळींविषयी लिहायचे आहे, कारण कापसाच्या आगीचे खरे विज्ञान त्यांत आहे.

विझलेली आग पुन्हा कशी लागते, याची दोन उत्तरे मी जिनांच्या आवारांत ऐकली आहेत. पहिले असे, की खानदेशातल्या उन्हाने कापूस आपोआप पेटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते, हे खरे. पण कापसाचा तंतू विघटित होऊ लागण्यासाठी अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस तापमान लागते. कोरडी, स्वच्छ रुई नुसत्या उन्हाने पेटत नाही. ओल्या सरकीचा ढीग सूक्ष्मजीवांमुळे आतून तापतो आणि जवसासारख्या तेलात भिजलेल्या चिंध्या हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन गरम होतात, पण त्या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे उत्तर करणीचे. माणूस नसताना, मध्यरात्री, विझलेल्या जागीच आग लागते म्हटल्यावर कुणाची तरी नजर लागल्याची चर्चा होते आणि फाटकाला लिंबू-मिरची बांधली जाते. याचा मला खरोखर राग येतो, कारण त्या लिंबाकडे पाहून रखवालदार निर्धास्त होतो आणि विस्तव आत आपले काम करीत राहतो.

तो विस्तव आपल्या आज्यांना चांगला माहीत होता. रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवायचा आणि पहाटे फुंकर घालून तो जागा करायचा, ही रीत काडेपेटी परवडत नव्हती त्या काळात घरोघर होती. अहिराणीत ज्याला 'इस्तो' म्हणतात तो राखेखाली विझलेला नसे. त्याला हवा इतकी थोडी मिळे की तो जेमतेम जिवंत राही. रानात चकमकीची ठिणगी कापसावर झेलून चिलीम पेटवणाऱ्या गुराख्यालाही हाच गुण ठाऊक होता: कापूस ठिणगी झेलतो, ज्वाला न दाखवता ती धरून ठेवतो आणि आत आत नेतो.

ज्वाला आणि धुमसणे या दोन निराळ्या रासायनिक घटना आहेत. लाकूड किंवा कापूस ज्वालेने जळतो तेव्हा तो घन पदार्थ स्वतः जळत नसतो. उष्णतेने त्याचे वायू होतात, ते वर उठून हवेत मिसळतात आणि तिथे जळतात. दिव्याची ज्योत वातीपासून किंचित सुटलेली दिसते ती म्हणूनच. धुमसताना मात्र ऑक्सिजन थेट घन कोळशाच्या पृष्ठभागावर येऊन भिडतो. उदबत्ती, विडी, गोवरी ही सारी अशी जळतात. ज्वालेला हवेत ऑक्सिजनचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर हवे असते, तर धुमसणारा कोळसा १० टक्क्यांच्या खालीही तग धरतो. म्हणून दार-खिडक्या लावून गोदाम कोंडले तर ज्वाला जाते, विस्तव राहतो.

कापूस या कामात इतका तरबेज का, हे पाहण्यासाठी रेणूपर्यंत जावे लागेल. रुईचा नऊ दशांशांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची लांब साखळी. ही साखळी तापली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. तापमान झपाट्याने वाढले तर साखळी कडीकडीने तुटते, लेव्होग्लुकोसॅन नावाचा पदार्थ तयार होतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ ज्वालेचे इंधन बनते. तापमान हळूहळू वाढले तर साखळीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि मागे कार्बनचे सच्छिद्र जाळे, म्हणजे कोळसा, उरतो. हा कोळसा ऑक्सिजनशी संयोग पावताना पुष्कळ उष्णता देतो, ती शेजारच्या तंतूंना तापवते, तेही दुसऱ्या वाटेने कोळसा होतात आणि ही रांग सरकत राहते. त्यात आपल्या शेतातला एक भागीदार सामील असतो, तो म्हणजे पोटॅशियम. कच्च्या कापसात रोपाने जमिनीतून घेतलेले पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते उत्प्रेरकाचे काम करतात: सेल्युलोजला कोळशाच्या वाटेकडे ढकलतात आणि कोळशाचे ज्वलनही सोपे करतात. कापूस पाण्याने नीट धुऊन हे क्षार काढून टाकले की त्याची धुमसण्याची प्रवृत्ती खूपच घटते, हे प्रयोगांतून दिसले आहे. शिवाय तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका बारीक असल्यामुळे मूठभर रुईतही ऑक्सिजनला भिडायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो.

आता ही रांग रुई दाबून बांधलेल्या गाठीत शिरली तर काय होते ते पाहू. कापसाबरोबर आलेला खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, घासतो, ठिणगी पडते, हवेच्या नळातून रुईबरोबर ती काही क्षणांत गाठी दाबणाऱ्या प्रेसपर्यंत पोहोचते आणि १७० किलोच्या गाठीत बांधली जाते. दाबलेल्या गाठीत हवा नसते, म्हणून ठिणगी गुदमरून मरते, असे पुष्कळजण समजतात. पण गाठीची घनता घनमीटरला ४०० किलोच्या आसपास असते आणि सेल्युलोजच्या तंतूची १५०० किलोच्या, म्हणजे गाठीच्या आकारमानात तंतू जेमतेम पंचवीस-तीस टक्के असतो आणि बाकीची सगळी हवा असते.

गाठीच्या मध्यातली उष्णता बाहेर किती वेळाने जाणवेल, याचा अंदाज कागदावर काढता येतो. कापसाची उष्णतावाहकता सुमारे ०.०६ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरावी, घनता ४०० आणि विशिष्ट उष्मा किलोला दर अंशामागे १३०० ज्यूल. वाहकतेला उरलेल्या दोहोंच्या गुणाकाराने भागले की उष्णतेच्या प्रसाराचा गुणांक साधारण ०.००००००११५ चौरस मीटर प्रति सेकंद येतो. मध्यापासून बाजूपर्यंतचे अंतर पाव मीटर. त्याचा वर्ग ०.०६२५. त्याला या गुणांकाने भागले की सुमारे ५ लाख ४० हजार सेकंद येतात, म्हणजे सहा दिवस. हा ढोबळ हिशोब आहे. अंतर निम्मे झाले तर वेळ चौथाई होतो, आणि धुमसणारी रांग स्वतःच बाहेर सरकत असेल तर ती आधीही पोहोचेल. परंतु दिवसांचा मामला आहे, तासांचा नाही, एवढे यातून नक्की कळते. गाठीवर तळहात ठेवून 'थंड आहे' म्हणणारा मुकादम खोटे बोलत नसतो, पण त्याचा हात बाहेरच्या दोन बोटांपलीकडचे काही सांगू शकत नाही. बाहेरून धरलेला उष्णतेचा कॅमेराही फक्त पृष्ठभागच पाहतो. रांग पृष्ठभागाशी आली, तिला मोकळी हवा मिळाली, की धुमसण्याचे रूपांतर क्षणात ज्वालेत होते, आणि तीच ती आतल्या पानावरची बातमी.

मग बंबाचे पाणी काय करते? यासाठी घरी एक प्रयोग करावा. एका वाटीत पाणी घेऊन त्यावर शेतातून आणलेली रुई टाकावी आणि दुसऱ्या वाटीत औषधाच्या दुकानातला कापूस. दुकानातला कापूस काही सेकंदांत भिजून बुडतो, शेतातली रुई मात्र तरंगत राहते. कच्च्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक थर असतो, वजनाने अर्धा-एक टक्का, पण पाणी झटकून टाकायला तेवढा पुरतो. औषधी कापूस कॉस्टिक सोड्यात उकळून तो थर काढलेला असतो. म्हणून रुईच्या गंजीवर मारलेले पाणी बरेचसे वरून ओघळून जाते. पाण्यात ओलावणारे द्रव्य मिसळले तर त्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो आणि ते आत मुरते. जिनाच्या टाकीजवळ अशा द्रव्याचे कॅन ठेवणे फार खर्चाचे नाही. त्याउलट, आगीत फेकताच फुटून 'आग मुळापासून संपवणारे' चेंडू हल्ली जाहिरातींत फार दिसतात. त्यांतली पावडर ज्वालेतली साखळी-अभिक्रिया तोडते, आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे. गाठीच्या पोटापर्यंत ती पोहोचत नाही.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो ज्या दिवसाच्या स्मरणार्थ, त्या दिवसाच्या मुळाशीही कापसाच्या गाठीच होत्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके आणि हजारो गाठी होत्या. दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येऊ लागला. शेकडो टन पाणी ओतूनही दाट धुरात आगीचे मूळ सापडले नाही, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या आपत्तीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आवश्यकच आहे, पण नळाला दाब आहे एवढेच त्यातून कळते. काही वर्षांपूर्वी एका जिनमध्ये आग विझल्यावर दुसऱ्या सकाळी वरून कोरड्या दिसणाऱ्या गाठी पुन्हा गोदामात थप्पीला लावताना मी पाहिल्या. कामगारांचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. तिसऱ्या रात्री ती थप्पी पेटली.

आग दिसताच १०१ ला फोन करणे हे पहिले काम. आगीच्या काळात प्रेसमधून निघालेली प्रत्येक गाठ संशयित मानून बाहेर उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवावी आणि निदान आठवडाभर तिच्यावर दिवसरात्र नजर असावी. गाठीच्या पट्ट्या गोदामात कधीही कापू नयेत, कारण गाठ सैल होताच आत हवा घुसते. कापायच्याच असतील तर मोकळ्या जागी, पाण्याची नळी हातात तयार ठेवून. धुमसणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, त्याला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून बंद गोदामात श्वसनयंत्राशिवाय कुणालाही पाठवू नये, मग आत ज्वाला दिसो वा न दिसो. आणि रखवालदाराच्या हाती हातभर लांबीची लोखंडी सळई द्यावी. ती गाठीत मधोमध खुपसून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवायची, बाहेर काढून तिच्या टोकाजवळ हाताची मागची बाजू न्यायची, टेकवायची नाही. टोक ऊन लागले तर गाठ तिथेच सोडून बंबाला बोलवायचे. थंड लागले तर चार तासांनी पुन्हा, दुसऱ्या बाजूने.