शेवटच्या तारखेची गर्दी सर्व्हरला आधी कळेल का?

जुलैअखेरची गोष्ट. केज तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. शेतीच्या एका योजनेचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. बाहेर बाकड्यावर पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. केंद्रचालक म्हणाला, "सर्व्हर डाऊन हाय काका, रात्री बारानंतर बघू." काका म्हणाले, "दरसाली ह्या तारखेला गर्दी राहती, हे आमाला ठाऊक हाय. मंग त्या मशीनला कसं ठाऊक न्हाई?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्यावर खरंच काम झालंय.

आपण संकेतस्थळावर काहीही केलं, की मागच्या डेटाबेसला एक प्रश्न जातो. त्याला क्वेरी म्हणतात. समजा कोटीभर नोंदींतून गट क्रमांक 142 शोधायचाय. सगळ्या नोंदी चाळा, नाहीतर पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, म्हणजे इंडेक्स, वापरा. सूचीच्या एका पानावर 300 खुणा मावत असतील, तर तीन पायऱ्यांत 300 × 300 × 300, म्हणजे 2 कोटी 70 लाख नोंदींपर्यंत पोचता येतं. पण इंडेक्स फुकट मिळत नाही. तो बांधताना अख्खा तक्ता वाचावा लागतो, आणि पुढे प्रत्येक नवा अर्ज त्यातही नोंदवावा लागतो. म्हणून कुठला इंडेक्स हवा, हे गर्दीच्या आधी ठरायला हवं. ऐन गर्दीत तो बांधायला घेणं म्हणजे पंगत बसल्यावर चूल मांडणं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिन मा, अँडी पावलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'क्वेरीबॉट 5000' ही प्रणाली मांडली. येणाऱ्या क्वेरींचा अंदाज आधीच बांधायचा, एवढंच तिचं काम.

पहिली पायरी सोपी. 'गट क्रमांक 142 ची नोंद दे' आणि 'गट क्रमांक 87 ची नोंद दे' या दोन क्वेरींमधला आकडा काढला की मागे एकच साचा उरतो. लाखो क्वेरी अशा मोजक्या साच्यांत बसतात. मग प्रत्येक साचा कुठल्या तासाला किती वेळा आला, ते मोजत राहायचं.

दुसरी पायरी मला फार आवडते. साच्यांचे गट पाडायचे, पण प्रश्न कशाबद्दल आहे हे बघायचंच नाही. तो केव्हा येतो, तेवढंच बघायचं. ओटीपी तपासणं, बँकेच्या शाखांची यादी आणणं, सातबाऱ्याची नोंद काढणं, या तीन क्वेरींचा अर्थाने एकमेकींशी संबंध नाही. तरी त्या एकत्र चढतात, एकत्र उतरतात, कारण तिन्ही एकाच अर्जाच्या मागे येतात. हे साम्य कसं मोजायचं? तीन तासांचे आकडे घ्या. एक साचा 2, 4, 6 वेळा आला, दुसरा 20, 40, 60 वेळा. या आकड्यांना अवकाशातले बाण समजलं, तर लांबी वेगळी पण दिशा एकच. दोहोंतला कोन शून्य, म्हणून कोसाइन, म्हणजे दिशा किती जुळते त्याचं माप, 1. आता 2, 4, 6 ची तुलना 6, 4, 2 शी करा. जोडीजोडीने गुणून बेरीज येते 12 + 16 + 12 = 40. प्रत्येक बाणाच्या लांबीचा वर्ग 56. म्हणून कोसाइन 40 भागिले 56, साधारण 0.71. दिशा बदलली, म्हणून गट वेगळा. असे मोठे चार-पाच गट सापडले, की बहुतेक भार त्यांतच येतो आणि अंदाज तेवढ्यांचाच बांधावा लागतो.

अंदाजासाठी साधं रेषीय समीकरण आणि जुनं लक्षात ठेवणारं एलएसटीएम न्यूरल नेटवर्क यांची सरासरी घेतात. रोजची सकाळ-संध्याकाळ त्यांना छान जमते. वर्षातून एकदा येणारी उसळी मात्र सरासरीत बुडून जाते. तिच्यासाठी 1964 पासूनची कर्नल रिग्रेशन ही पद्धत कामाला येते. आजच्यासारखी चढण आधी केव्हा दिसली होती, आणि तिच्यापुढे काय झालं? जितकं साम्य जास्त, तितकं त्या जुन्या दिवसाला वजन जास्त. या संशोधकांनी ती विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जांच्या खऱ्या नोंदींवर वापरून पाहिली. तिथेही शेवटच्या तारखेला अशीच झुंबड उडायची, आणि मागच्या वर्षावरून ती उसळी या पद्धतीने हेरली.

आपल्याकडे पावसाचा अंदाज नक्षत्राच्या वाहनावरून सांगणारे अजून आहेत. म्हैस किंवा बेडूक आलं की पाऊस चांगला म्हणे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचं, उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं. त्यात पडलेल्या पावसाची एकही नोंद नसते, आणि कन्नड तालुक्याला अन् उमरगा तालुक्याला उत्तर एकच. हे भाकीत चुकलं तरी पुढच्या वर्षीचं गणित तेच राहतं. मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींवरून मशीनला शिकवताना, शेवटचे काही आठवडे मॉडेलपासून, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या त्या गणितापासून, लपवून ठेवतात, अंदाज घेतात आणि मग ताडून पाहतात. चुकलं तर आकड्यांत दिसतं. पण म्हणून एआयला सगळं कळतं असं कोणी सांगत असेल, तर तेही खोटं. रात्री अकराला मुदतवाढीचा आदेश निघाला, तर तो कुठल्याच जुन्या नोंदीत नसतो.

आणि नोंदीच मुळात बिघडलेल्या असतात. सर्व्हर कोसळला की परत गेलेला माणूस मोजला जात नाही, आणि दहा वेळा बटण दाबणारा एकच माणूस दहा वेळा मोजला जातो. अशा नोंदींवर शिकलेलं मॉडेल पुढच्या वर्षी कोसळलेल्या सर्व्हरचाच आकडा सांगेल. खरी मागणी किती होती, ते त्याला वेगळं पुरवावं लागतं.

त्या संध्याकाळी अर्ज न गेलेल्यांची नावं आणि मोबाईल नंबर केंद्रचालकाने दोनशे पानी वहीत लिहून घेतले. 23 नावं होती. काकांचं नाव चौथं होतं.